चाकाच्या आतल्या अंगाला

"बसत नाही रे हे मशीनवर," ताई म्हणाली.

मी एका गिऱ्हाइकाला पटवत होतो. नवे टायर टाकलेत साहेब, आता बॅलन्सिंग करून घ्याच, नाहीतर वेग घेतला की स्टिअरिंग थरथरेल, टायर वेडेवाकडे झिजतील आणि उद्या मलाच नावं ठेवाल, हे माझं ठरलेलं भाषण अर्ध्यावर आलं होतं. मागे वळून पाहिलं तर ताईच्या हातात एक चाक. चाक कसलं, फुलझाडाच्या कुंडीएवढं. आमच्या मशीनचा दांडा जाडजूड. त्यावर लहान-मोठ्या सगळ्या गाड्यांची चाकं बसतात, पण हे बाळ चढायलाच तयार नव्हतं.

"कसल्या गाडीचं आहे हो?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"माझ्या भाचीच्या," ताई म्हणाली. "शर्यतीच्या."

गिऱ्हाईक हसलं. "एवढ्याशा चाकालाही लागतं बॅलन्सिंग?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. टायरच्या धंद्यात माझे केस पिकले, बोलण्यावर तर माझं पोट आहे, पण त्या प्रश्नावर मी विषयच बदलला. मी म्हणालो, "साहेब, चहा घेणार?"

हा सगळा घोळ आदल्या रविवारी सुरू झाला होता. माझी मुलगी कार्ट चालवते. कार्ट म्हणजे जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी गाडी. छप्पर नाही, दार नाही, स्प्रिंग नाही. नळ्यांचा सांगाडा, त्यावर एक खुर्ची, कुशीला एक इंजिन आणि चार चिमुकली चाकं. "आमची कार्टी कार्ट चालवते," असं तिची आई सगळ्यांना सांगते, आणि त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, हे मला अजून कळलेलं नाही. मुलीला घरात आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी ती दुकानात रिकाम्या टायरमध्ये अंग चोरून बसायची आणि आत्याला म्हणायची, ढकल. आत्या ढकलायची. पोरगी गडगडत रस्त्यापर्यंत जायची आणि उठल्यावर झिंगल्यासारखी हसायची. तिथंच कधीतरी ही हौस लागली असणार.

रविवारी दुकान अर्धा दिवस उघडं असतं, म्हणून ताई कधी ट्रॅकवर आली नव्हती. त्या रविवारी मी बळेच नेलं. भिंगरीनं मोठ्या उत्साहानं गाडी दाखवली. ताईनं इंजिनकडे पाहिलं नाही, खुर्चीकडे पाहिलं नाही. ती उकिडवी बसली आणि चाकाच्या रिमच्या आतून बोट फिरवलं. मग दुसऱ्या चाकाच्या. मग तिसऱ्या.

"वजनं कुठायत याची?" तिनं विचारलं.

"कसली वजनं?" ट्रॅकवरचा मेकॅनिक म्हणाला. त्याला सगळे पाना म्हणतात, कारण हातातला पाना नाचवल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नाही.

"बॅलन्सिंगची. शिशाचे तुकडे चिकटवतात ना आतून."

पाना मनापासून हसला. त्यात हेटाळणी नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं असावं. "आत्याबाई, कार्टची चाकं कोण बॅलन्स करतं हो? दोन फेऱ्या मारल्या की खालचं रबर टायरला चिकटतं, ढेकळंच्या ढेकळं. तुमचं बॅलन्सिंग तिथंच खलास. त्यातून ही गाडी बघा. स्प्रिंग नाही, इंजिन कानाशी बोंबलतंय, हाडं खिळखिळी होतात. त्या खडखडाटात चाक थरथरतंय का नाही, कळणार कुणाला?"

मला पटलं. तेवढ्यात शेजारी उभा असलेला दातांचा डॉक्टर मधे पडला. त्याचा मुलगाही कार्ट चालवतो आणि कार्टविषयी जगात जे काही लिहिलं गेलं आहे ते त्या माणसानं वाचलेलं आहे.

"साफ चूक," डॉक्टर म्हणाला. "चाक लहान म्हणून तर जास्त वेगानं फिरतं. मोठं चाक एकदा फिरेल तेवढ्यात हे कितीदा तरी फिरतं. जरासा जडपणा एका बाजूला असला तरी तो दणके देत राहणार. दातात कण अडकला की जीभ कशी सारखी तिथंच जाते? तसं चालवणाऱ्याचं लक्ष जातं."

मला हेही पटलं. हीच माझी पंचाईत. शेवटी जो बोलेल त्याचं मला पटतं.

दुकानासमोर उतरताना ताई म्हणाली, "म्हणजे भिंगरीच्या गाडीला माझं काही लागतच नाही." मी म्हणालो, डॉक्टर लागतं म्हणाला की. ती म्हणाली, "तो दातांचा डॉक्टर आहे रे." आणि आत गेली.

ताईविषयी सांगायला हवं. ती माझ्याहून मोठी. तिचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. वर्ष व्हायच्या आत एके दिवशी दुपारी ती एक बॅग घेऊन परत आली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. मला आजतागायत ठाऊक नाही. वडिलांनी त्याच सुमारास दुकानात बॅलन्सिंगचं मशीन आणलं होतं आणि त्याला हात लावायला कारागीर घाबरत होते. वडील म्हणाले, "तू बघ गं जरा, जमतंय का." ती जी त्या मशीनपाशी उभी राहिली ती राहिलीच. वडील गेले, मी गल्ल्यावर बसलो, मशीनं बदलली, ताई तिथंच. चाक चढवायचं, फिरवायचं, जड बाजू कुठली ते बघायचं, तिच्या समोर वजन लावायचं, पुन्हा फिरवायचं. कानामागे खडू. चाक पुरं झालं की त्या खडूनं टायरला एक छोटी तिरपी खूण करायची. तीही आतल्या अंगाला, गाडीच्या पोटाकडच्या बाजूला, बाहेरून गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी. मी एकदा म्हणालो होतो, अगं दिसू दे की, जाहिरात होईल. ती म्हणाली, "ती माझ्यासाठी आहे. हे झालं, असं मला कळायला." खूण असलेलं चाक तिनं कधी परत तपासलं नाही. आणि न झालेल्या चाकावर तिची खूण कधी कुणी पाहिली नाही.

अशा बाईला पान्यानं हसत हसत सांगितलं की तिच्या लाडक्या भाचीच्या चार चाकांना याची गरज नाही.

एरवी हे चार दिवसांत विरून गेलं असतं. पण वेळ तशी नव्हती. एक मोठी टीम आमच्या ट्रॅकवर मुलांची परीक्षा घ्यायला येणार होती. जागा एकच. ती मिळाली की भिंगरी दुसऱ्या शहरात जाणार, तिथं टीमसोबत राहणार, मोठ्या शर्यतींना उतरणार. नाही मिळाली तर वयाचा हिशेब असा की पुढच्या खेपेला तिला कुणी उभं करणार नव्हतं. घरात सगळे तिच्या जाण्याविषयी बोलत होते. ताई बोलत नव्हती. ती फक्त एकदा मला म्हणाली, "जायच्या आधी तिच्या गाडीला माझा हात लागू दे रे. उगाच नाही. खरंच उपयोगाचा."

मशीनवर चाक बसेना तेव्हा ताईनं मागच्या अंगणात स्वतःच एक घोडा उभा केला. दोन लोखंडी पट्ट्या, त्यांवर जुनं बेअरिंग, त्यातलं ग्रीस धुऊन काढलेलं, आणि मधून चाकाच्या भोकात बसेल असा दांडा. चाक त्यावर टांगून सोडलं की ते हळूहळू डुलत जड बाजू खाली करून थांबायचं. मग ताई वरच्या बाजूला इवलासा शिशाचा तुकडा चिकटवायची. पुन्हा सोडायची. चाक कुठंही सोडलं तरी तिथंच थांबू लागलं की झालं. एरवी मशीन जे आकड्यांत सांगतं ते इथं डोळ्यांनी बघायचं. भिंगरीची आई गॅलरीतून म्हणाली, "गाडी चालवणार ती, आणि चाकं घेऊन तुम्ही दोघं बसलात डोक्याला लावून." पण तिनंही चहा तिथंच आणून दिला आणि ती बराच वेळ बघत उभी राहिली.

चारही चाकं झाली. तुकडे उडू नयेत म्हणून वरून पट्टी चिकटवली. आतल्या अंगाला खुणा झाल्या.

पुढच्या रविवारी भिंगरी पाच-सहा फेऱ्या मारून आली, हेल्मेट काढलं आणि ओरडली, "आत्या, लोण्यासारखी चालतेय!"

ताईचा चेहरा असा काही उजळला, की मी दुसरीकडे पाहिलं. मग मी ट्रॅकवरच्या घड्याळाकडे गेलो. फेरीची वेळ मागच्या रविवारपेक्षा वाईट होती.

"वारा आहे आज," पाना म्हणाला.

"हवेचा दाब बघितला का टायरचा?" डॉक्टर म्हणाला.

त्याच्या पुढच्या खेपेला वेळ सुधारली. ताई खूश. पण त्या दिवशी भिंगरीनं ब्रेकही बदलून घेतले होते. त्याच्याही पुढच्या खेपेला एक वजन पट्टीसकट उडालं. कुठं उडालं, कधी उडालं, कुणालाच कळलं नाही. भिंगरी म्हणाली, काही जाणवलं नाही. पान्यानं मात्र हात जोडले. "आत्याबाई, मागच्याच्या हेल्मेटवर बसलं असतं म्हणजे? आणि परीक्षेच्या दिवशी गाडीतून काही पडलेलं दिसलं ना, तर पोरीला सरळ बाहेर बोलावतील. तिथंच संपलं सगळं."

ताई त्या दिवशी नीट जेवली नाही. मला राग येत होता, आणि कुणावर ते कळत नव्हतं. पान्यावर? डॉक्टरवर? एवढी मोठमोठी इंजिनं बनवणाऱ्या जगात एका साध्या प्रश्नाला साधं उत्तर असू नये? लागतं, किंवा नाही लागत. मी गिऱ्हाइकांना रोज छातीठोकपणे सांगतो तसं कुणीतरी आम्हाला सांगायला हवं होतं. खोटं का होईना.

मग ताईच म्हणाली, "आपण बघूया."

भिंगरीकडे चार-चार चाकांचे दोन जोड होते, सारखेच वापरलेले. एक जोड ताईनं बॅलन्स केलेला, तोच ज्यावर भिंगरी गेले काही आठवडे सराव करत होती. उडालेलं वजन तिनं पुन्हा लावलं. दुसरा जोड तसाच, एकही वजन न लावलेला. तो तिनं नुसता धुतला, रिम पुसल्या, हवा भरली. भिंगरीला काही सांगायचं नाही. दोन्ही जोड चालवायला लावायचे आणि कुठला बरा ते विचारायचं. पोरीच्या पाठीला तर खरं कळेल? असा ताईचा बेत.

सकाळी पहिला जोड लावला. भिंगरी आली. म्हणाली, ठीक आहे. दुपारी दुसरा लावला. चाकं पान्यानं आणि मी चढवली. ताई लांब कुंपणापाशी उभी होती, जवळ आलं तर चेहऱ्यावरून कळेल म्हणून.

भिंगरी परत आली ती हसतच. "हा जोड! आत्या, काय केलंस गं? वळणावर नुसती घसरत नेली मी. लोण्यासारखी."

"नक्की?" ताईनं विचारलं.

"नक्की म्हणजे काय! घड्याळ बघ."

घड्याळही तेच सांगत होतं. पाना म्हणाला, दुपारी ट्रॅक तापतो, टायर जास्त पकड घेतात. ताईनं भिंगरीची पाठ थोपटली आणि पाणी प्यायला गेली. मी तिच्या मागं गेलो नाही. गेलो असतो तर मला काय म्हणावं हे सुचलं नसतं. वजन न लावलेली चाकं तिच्या भाचीला लोण्यासारखी वाटली होती. इतकी वर्षं ती ज्या मशीनपाशी उभी राहिली, ते सगळं कुणीतरी फुंकर मारून उडवल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी मी गाडीत सामान भरत होतो. दुसऱ्या जोडातलं पुढचं चाक उचललं आणि थबकलो. आतल्या अंगाला खडूची खूण. थोडी पुसटलेली, पण ताजी. दुसरं चाक बघितलं. त्यावरही. चारही चाकांवर. आणि सकाळच्या जोडावरच्या खुणा सरावात झिजून कधीच्या गेल्या होत्या.

कार्टमध्ये चालवणारा इतका पुढं आणि इतका खाली बसतो की पुढची दोन्ही चाकं त्याच्या डोळ्यांसमोर असतात. त्यांचं आतलं अंग तर अगदी समोर. भिंगरीला लहानपणापासून ठाऊक होतं त्या खुणेचा अर्थ काय.

मी ताईला बोलावून दाखवलं. तिनं चाकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"धुतली ना मी सकाळी," ती म्हणाली. "हवा भरली... आणि हात चालला असणार सवयीनं. अरे देवा."

"म्हणजे प्रयोग फुकट गेला," मी म्हणालो. मला खरं तर आनंद झाला होता. "ताई, तिला काही जाणवलं नसणारच. तिनं खूण बघितली आणि ठरवलं की हाच तुझा जोड!"

"किंवा खरंच बरं वाटलं असेल."

"किंवा तुझं मन राखायला म्हणाली असेल."

"किंवा ट्रॅक तापला असेल," ताई म्हणाली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मला हसू आलं. तिला आलं नाही.

"विचारू का तिला सरळ?"

"नाही!" ताई इतक्या जोरात म्हणाली की पान्यानं वळून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "विचारलंस की तिला कळणार. मग परीक्षेच्या दिवशी वळण आलं की ती चाकाचा विचार करत बसेल. तिथं तिनं फक्त वळणाचा विचार करायचा."

पुन्हा प्रयोग करायला रविवार उरला नव्हता. पुढचा रविवार परीक्षेचा.

तो आठवडा ताईनं कसा काढला हे मी गल्ल्यावरून बघत होतो. ती गिऱ्हाइकांची चाकं नेहमीसारखीच करत होती, पण मधेच मागच्या अंगणात जायची, घोड्यावरचं छोटं चाक एका बोटानं ढकलायची आणि ते थांबेपर्यंत बघत राहायची. वजनं लावावीत, तर एखादं उडून पोरगी बाहेर. लावू नयेत, तर डॉक्टर म्हणतो तसे दणके बसले आणि एखाद्या वळणावर हात हलला तर? मला विचारलं. मी एकदा म्हणालो लाव, एकदा म्हणालो नको. दोन्ही वेळा मला तसंच वाटत होतं.

"तुला काही ठरवता येतं का रे कधी?" ती शेवटी चिडून म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "लहानपणापासून तूच ठरवत आलीस."

परीक्षेच्या सकाळी ट्रॅकवर पोचलो. टीमचा मॅनेजर खुर्ची टाकून बसला होता. मुलं हातमोजे चढवत होती, आईबाप उगाचच एकमेकांशी गोड बोलत होते. भिंगरी कपडे बदलायला गेली. आमच्या गाडीच्या आडोशाला ताई चाकं घेऊन बसली. भिंगरीनं मागितलेला दुपारचाच जोड होता तो; आदल्या रात्री ताईनं तो धुऊन त्याला वजनं लावली होती, खूण मात्र केली नव्हती. तिच्या हातात बोथट सुरी होती. तिनं पहिल्या चाकावरची पट्टी काढली, खालचं वजन उचकटलं आणि खिशात टाकलं. मग दुसऱ्याचं. तिसऱ्याचं. चौथं जरा चिवट होतं, ते काढताना तिचं बोट खरचटलं.

"ठरलं का?" मी विचारलं.

"तिला बाहेर काढतील ते मी होऊ देणार नाही," ती म्हणाली. "दणके बसतील तर बसतील. ते तिला सोसता येतात."

मी मान डोलावली. चाकं उचलायला वाकलो. ती म्हणाली, थांब. कानामागचा खडू काढला. थोडा वेळ तो नुसता हातात धरून बसली. मग तिनं चारही चाकांच्या आतल्या अंगाला एकेक खूण केली. नेहमी जशी करते तशी, छोटी, तिरपी. फक्त नेहमी ती एका झटक्यात होते, आज तिनं सावकाश केली, लहान मूल अक्षर गिरवतं तशी.

"ताई..."

"गप्प बस," ती म्हणाली. "चढव चाकं."

मला रडू आलं. हे उगाच वाढवून सांगत नाही, खरंच आलं. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा ती रडली नव्हती आणि मला तर तेव्हा काही कळतही नव्हतं. पण त्या दिवशी तिनं न केलेल्या कामावर आपली खूण घातली हे बघणं मला सोसवेना. मी चाकं चढवायला गेलो आणि पान्यानं विचारलं, डोळ्यांत काय गेलं, तर म्हणालो, धूळ.

भिंगरी आली. खुर्चीत बसायच्या आधी वाकून तिनं पुढच्या चाकांकडे पाहिलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आत्याकडे बघून अंगठा दाखवला. हेल्मेटची काच खाली केली आणि गेली.

सुरुवातीच्या हळू फेरीत, आमच्या समोरून जाताना, पलीकडच्या चाकाच्या आतल्या अंगाला एक पांढरं कडं गरगरताना मला दिसलं. मग वेग वाढला आणि काही दिसेनासं झालं. तिनं गाडी कशी चालवली हे मला सांगता येणार नाही. मी निम्मा वेळ कुंपणाच्या जाळीकडे बघत होतो. डॉक्टर माझ्या कानात सारखा काहीतरी सांगत होता, त्यातलं एक अक्षर आत शिरलं नाही. ताई मात्र सगळं बघत होती. प्रत्येक वळणाला तिचा उजवा हात किंचित वर यायचा, मशीनवरचं चाक थांबवायला येतो तसा.

मॅनेजरनं दुपारनंतर मुलांना बोलावलं, थोडंफार सगळ्यांचं कौतुक केलं आणि मग भिंगरीचं नाव घेतलं. पोरगी उड्या मारत आली ती सरळ आत्याच्या गळ्यात. "लोण्यासारखी!" ती म्हणत होती. "आत्या, लोण्यासारखी गं!" ताई म्हणाली, "हो ना? हो ना?" आणि तिचं डोकं कुरवाळत राहिली. डॉक्टरनं माझा हात हातात घेतला. त्याचा मुलगा दुसरा आला होता. चांगला माणूस आहे तो.

भिंगरी आईला फोन करायला बाजूला गेली. मॅनेजर आमची कार्ट बघत होता. त्यानं सवयीनं रिमच्या आतून बोट फिरवलं, अगदी ताईसारखं, आणि बोटाला लागलेला चिकटपणा बघितला.

"तुम्हीही बॅलन्स करता वाटतं," तो म्हणाला. "छान. आमच्याकडे प्रत्येक चाक केलेलं असतं. इथं कुणी करत नाही म्हणून म्हटलं. वजन पडलं का वाटेत?"

मी ताईकडे पाहिलं. पान्यानंही पाहिलं. त्याच्या हातातला पाना हवेतच राहिला.

"मी काढलं," ताई म्हणाली. "सकाळी."

"का?"

ताईनं विचार केला. खरंच केला. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

मॅनेजर हसला, नमस्कार केला आणि कागदपत्रांचं काही बोलायला मला घेऊन गेला. सह्या करताना माझं लक्ष नव्हतं. त्याला विचारायचं राहिलंच, की फरक पडतो म्हणून करता, की करतात म्हणून करता. विचारलं असतं तर त्याचंही मला पटलं असतं.

परत आलो तेव्हा चाकं काढून एका ओळीत ठेवलेली होती आणि ताई ओल्या फडक्यानं त्यांवरच्या खुणा पुसत होती. गाडी धावल्यावर त्या तशाही पुसट झाल्या होत्या. तरी ती घासत होती. भिंगरी फोन संपवून आली.

"अगं, पुसतेस काय? मी ही चाकं तशीच नेणार होते."

"चाकं इथंच राहणार ना? तिथं टीमची वेगळी असतील," ताई म्हणाली. "आणि तिथं कुणीतरी करेलच. प्रत्येक चाक करतात म्हणे."

"पण ती तुझी खूण नसणार."

ताईनं चौथं चाक पुसून उन्हात उभं केलं.

महिन्याच्या अखेरीला भिंगरी गेली. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटतं. तिची आई तिच्या खोलीत जाऊन पुन्हा पुन्हा चादर सारखी करते. दुकान चाललं आहे. मागच्या अंगणातला घोडा ताईनं सुटा केला, बेअरिंग धुऊन फळीवर ठेवलं.

काल एक गिऱ्हाईक आलं, नवे टायर टाकले आणि विचारलं, "बॅलन्सिंग खरंच लागतं का हो, की तुमचं आपलं उगाच?"

"लागतंच साहेब," मी म्हणालो. "नाहीतर वेग घेतला की स्टिअरिंग थरथरेल, टायर वेडेवाकडे झिजतील."

ताईनं चाक चढवलं, फिरवलं, वजन लावलं, पुन्हा फिरवलं. मशीननं दोन्ही बाजूंना शून्य दाखवलं. तिनं कानामागचा खडू काढला, आतल्या अंगाला खूण केली आणि खडू परत कानामागे खोचला. मी चाक उतरवायला पुढं झालो, तर तिनं हातानं मला थांबवलं. मशीनचं झाकण खाली केलं आणि चाक आणखी एकदा फिरवून पाहिलं.